कपाळावरचा दाणा

मी कॉम्प्युटर बोलतोय. आता बोलतोय, ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी माझ्या पोटातून हूं की चूं निघालं नाही. वय म्हणाल तर मी अगदीच कोवळा आहे, तरी थकलोय. जन्मल्या जन्मल्या ज्याला पुन्हा पुन्हा उघडलं आणि मिटलं, त्यानं थकू नये तर काय करावं?

मी एका जागी घडलो नाही. पंखे एका दुकानातले, पोटातली मदरबोर्डची पाटी दुसऱ्या दुकानातली, बाहेरचा डबा तिसरीकडचा. निकितानं एकेक खोकं घरी आणलं आणि सातपूरच्या घरात पलंगावर जुनी चादर अंथरून मला जोडलं. घर बांधायच्या आधीच ते आतून कसं दिसेल, याचं चित्र पडद्यावर उभं करायचं, असलं काम ती शिकलेली. परदेशातल्या एका कंपनीनं तिची परीक्षा घ्यायची ठरवली होती. सकाळी नकाशा येणार, संध्याकाळी सहाच्या आत चित्र पाठवायचं. जमलं तर घरी बसून काम. नाही जमलं तर सोमवारपासून लासलगावला, नाथामामांच्या कांद्याच्या गाळ्यावर बिलं करायला. तसं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

परीक्षेच्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. निकिताचे वडील महेश कारखान्यात लेथवर काम करतात. हत्यारांची पूजा त्यांच्या अंगात भिनलेली. त्यांनी पाटावर पाना, पक्कड, पेचकस मांडले, झेंडू वाहिला आणि मग माझ्याकडे वळले. निकिता आंघोळीला गेली होती. त्यांनी बोटावर भरपूर ओलं कुंकू घेतलं, माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं आणि वर अक्षता दाबल्या.

कपाळाच्या मधोमध माझं बटण आहे.

"बाबा, हे काय केलंत?" निकिता ओल्या केसांनीच धावत आली.

"नव्या मशीनचं कपाळ रिकामं ठेवू? आमच्या लेथला दरवर्षी लावतो. कधी कुरकुर नाही त्याची."

तिनं दात-ओठ खात कुंकू पुसलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मी पहिला श्वास घेतला आणि तो सोडायच्या आतच विझलो. तिनं पुन्हा दाबलं. काही नाही. कुणीतरी माझ्या कपाळावर बोट दाबून धरलंय आणि ते उचलत नाही, एवढंच मला कळत होतं. सांगणार कुणाला?

मग हाल सुरू झाले. माझी पिन काढून त्या जागी मिक्सर लावून पाहिला. मिक्सर गरगरला, म्हणजे वीज होती. मग निकितानं माझं झाकण काढलं. वायरी उपसून पुन्हा बसवल्या. मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली. झाकण लावलं, बटण दाबलं, झाकण काढलं. नकाशा तिच्या मोबाइलवर येऊन पडला होता आणि दुपार कलायला लागली होती.

"दोन टपल्या मारून बघ," महेश म्हणाले आणि तिनं नको म्हणायच्या आत स्वतःच मारल्या.

माणसांचं हे मला अजून उलगडलेलं नाही. ज्याला काही कळत नाही, त्याला गप्पही बसवत नाही. वय जितकं जास्त तितके उपाय जास्त.

तेवढ्यात नाथामामांचा फोन आला. "काय गं, काय म्हणतोय तुझा डबा?"

"चालू होत नाहीये, मामा."

"मंग! म्या काय म्हणलं होतं? तयार घ्यायचा, चालवून बघून. ये तू सोमवारी. आपल्या गाळ्यावर लय भारी कॉम्प्युटर हाय."

"त्याच्यात कांद्याची सालं गेलीत, मामा."

"जाऊ दे की. चालतो ना?"

तिनं फोन ठेवला. बाकी सगळं तपासून झालं होतं, बटण तेवढं राहिलं होतं. मग हळूच म्हणाली, "बटणाशिवायच चालू करून बघते." ती उठली आणि पाटावरचा पेचकस उचलायला वाकली.

"ए, पूजेतला आहे तो," महेश आडवे आले. "आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या दसऱ्याला उचलायचं. आज तो देव आहे."

"मग देवालाच सांगते, जरा हात लाव म्हणून."

तिनं झेंडू बाजूला ठेवला. माझ्या बटणाची वायर उपसली आणि ती जिथे बसते तिथल्या दोन सुयांना पेचकसाचं टोक नुसतं टेकवून लगेच काढून घेतलं. मी जागा झालो आणि जागाच राहिलो.

पोट उघडं ठेवूनच मी राबलो. ती जेवली नाही, मलाही तिनं थांबू दिलं नाही. सहा वाजायच्या जरा आधी चित्र गेलं. मग तिनं मोबाइलचा दिवा माझ्या कपाळावर धरला आणि केसांतली पिन काढून बटणाच्या फटीत घातली. कुंकवानं घट्ट चिकटलेला तांदळाचा एक दाणा बाहेर आला.

तो तिनं वडिलांच्या तळहातावर ठेवला. "तुमची अक्षता. सकाळपासून हिनं बटण आत दाबून धरलं होतं."

"आशीर्वाद म्हणून लावली होती गं."

"माहितीये, बाबा. पण सारखं दाबून धरलं ना, की मशीनला वाटतं, आपल्याला बंद हो म्हणतायत."

दाणा मुठीत धरून महेश उठले. मग बाहेर जाऊन त्यांनी फोन लावला. मला ऐकू आलं. "नाथा, सोमवारचं धरून चालू नको. नाही, निकाल नाही लागला अजून. आधी तिला विचारतो."

काम तिला मिळालं, आणि माझी विश्रांती संपली. दिवसभर तापतो, पंखे घरघरतात, कपाळाच्या फटीतला लाल रंग काही जात नाही. पण तक्रार नाही. पुढच्या खंडेनवमीला तुम्हीही एखाद्या नव्या मशीनपुढे उभे राहाल, किंवा घरातल्या एखाद्या पोरीपुढे. कुंकू जरूर लावा. फक्त बोट टेकवलं, की काढून घ्या.