घाटाखालची रेती

‘घाटालगतच्या सार्वजनिक रेती-पट्ट्याचे पुनर्भरण यशस्वीरीत्या पूर्ण झाले होते, तथापि मंदाबाई नत्थूजी या महिलेने अनधिकृतपणे चर खोदल्यामुळे सदर पट्टा खचून वाहून गेला.’

विभागाचे हे निवेदन उपअभियंत्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत उभे राहून वाचले. मंदाबाई भिंतीला टेकून ऐकत होती.

निवेदन नीट बांधलेले होते. ‘पुनर्भरण’ या शब्दाची एक सोय आहे: त्यात भरणारा दिसतो, उपसणारा दिसत नाही. पुलगावच्या खालच्या अंगाला वर्धा नदीची रेती वर्षानुवर्षे उपसली गेली, पात्राचा खडक उघडा पडला, पुराचा जोर मोडायला काही उरले नाही आणि पाणी घाट ओलांडून वस्तीत शिरू लागले. तेव्हा त्याच नदीची रेती वरच्या अंगाहून काढून इथे घाटाखाली पसरण्यात आली. एका खड्ड्याची भरपाई दुसऱ्या खड्ड्याने करण्याच्या या पद्धतीला पूरसंरक्षण म्हणतात. पट्टा घाटापासून थेट पुलापर्यंत होता. मंदाबाईचा चर शेवटच्या पायरीशी, एक माणूस आडवा होईल एवढा. वरच्या धरणाचे पाणी सुटले आणि सकाळी पुलापर्यंतची सगळी रेती गेली होती; जिथे मंदाबाईने कधी पाऊल ठेवले नव्हते, तिथलीही.

तिने चर खोदला होता, हे मात्र खरे.

नदी उतरली की उघड्या पडलेल्या रेतीत डांगरवाडी लावायची, टरबुजांची, खरबुजांची, काकडीची, हा या काठाचा जुना उद्योग. ज्याने आधी तुरीच्या वाळक्या तुराट्या रोवल्या, त्याची तेवढी रेती, त्या हंगामापुरती. बी ओल्या फडक्यात बांधून बायका कमरेला खोचत. अंगाच्या उबेने मोड येई. तिचा नवरा नत्थू दरवर्षी तीच चेष्टा करी.

“काऊन वं, कितवा महिना?”

“तुमच्यासारखा आळशी नाई थो. हप्त्यात बाहेर येते.”

रेती गेली, वाडी गेली, मग नत्थू गेला. मुलगा रोशन पिपरी मेघेला राहायला गेला. तो बोलावत असे, ती जात नसे. ती रोज घाटाच्या पायरीवर येऊन बसे आणि जिथे वाडी होती तिथल्या खडकाकडे पाही. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते, म्हणूनच बहुधा तिला रोज यावे लागे.

दिवाळीनंतर ट्रक आले. खडक झाकला गेला. शेजारची आनंदाबाई धुणे आपटता आपटता मंदाबाईच्या कमरेकडे पाहत राहिली.

“माय वं! या वयात काय खोचून राह्यली?”

“चूप राह्य. डांगराचं बी हाय.”

“बह्याड झाली काय? सरकारची रेती हाय थे.”

“नदीत हाय ना? मंग नदीची.”

मंदाबाईने पायरीशी एका तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना तुराट्या रोवल्या. ज्या काड्या गावाला हक्क सांगत, त्याच विभागाला अतिक्रमण सांगत. चरात खाली ओल लागेपर्यंत तिने हातांनी रेती काढली, शेणखत घातले, बी टेकवले. मोड वर आले त्या दिवशी ती जेवायलाही घरी गेली नाही. त्यानंतर पाणी आले.

निवेदन वाचून साहेब चहाला बाहेर गेले, तेव्हा सरपंच भैयाजी तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. पिपरीहून आलेला रोशन मागे उभा होता.

“मंदाकाकू, आयकजो. म्हशी शिरल्या होत्या म्हणून सांगजो. मी साहेबासंग बोललो. बात खतम.”

“म्हशीनं बी लावलं म्हणू?”

“मजाक नको करू काकू. नाईतर घाटावर पाय नाई ठेवू देनार तुले. कायमचं. राह्यशीन काय तू घाटाबिगर?”

भैयाजी खोटे बोलत नव्हते. विभागाला कारण हवे होते; ते माणसाचे असावे की म्हशीचे, याबद्दल त्याचा आग्रह नव्हता. ते विभागाचे नसावे, एवढीच अट होती.

“माय,” रोशन म्हणाला, “म्हैस म्हणून टाक ना. तुहं काय जाते?”

“माही वाडी जाते.”

त्याच वाडीत रोशन रांगला होता.

साहेब परत आले. वाचतानाचा आवाज आता त्यांच्याकडे उरला नव्हता.

“बाई, चर तुम्ही खोदला? की जनावरांनी?”

भैयाजींनी मान किंचित हलवून तिला खूण केली. कारकुनाने मंदाबाईचा जबाब ती बोलली तसाच उतरवला. शुद्ध करायला त्याला कोणी सांगितले नव्हते:

“हव साहेब, म्या खंदलं. म्हशी नाई, कोनी नाई, म्याच. ठरनार नाई थे रेती, मले वाटलंच होतं. पर इतक्या वर्सानं पायाखाली लागली, न हात आयकला नाई. दोन दोन पानं वर आले होते साहेब. आता घाटावर नका येऊ देऊ, तुमची मर्जी. पर तुमी पुन्हा टाकसान, त मी पुन्हा खंदीन. लिहा.”