काहिलीतला वकील

गेणूआबांच्या मेंढ्यानं विजयसिंहतात्यांच्या उसाचे कोंब खाल्ले, याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की त्यानं ते तात्यांच्या देखत खाल्ले, आणि तात्यांनी ढेकूळ उचललं तरी पळून न जाता तोंडातला घास सावकाश संपवला.

मेंढ्याचं नाव वकील. लहान होता तेव्हापासून कुठंही दोघांचं भांडण लागलं की हा मधे जाऊन उभा राहायचा आणि दोन्ही बाजूंच्या बांधावरचं खाऊन घरी यायचा. म्हणून आबांच्या नातीनं, स्वप्नालीनं, त्याला हे नाव दिलं होतं.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. आबांच्या घरी एकेकाळी इतकी मेंढरं होती की कळप मोरगावच्या रस्त्यावर आडवा निघाला की एसटी थांबायची, आणि कंडक्टर खाली उतरून निवांत तंबाखू मळून घ्यायचा. पुढं चराईची रानं उसाखाली गेली, मेंढरं बाजारात गेली आणि आबांचा मुलगा बारामती एमआयडीसीत गेला. आता तो रोज मोटारसायकलवरनं जाऊन दुसऱ्यांच्या गाईंचं दूध पिशव्यांत भरतो. बिरोबा देवाच्या नावानं सोडलेला, म्हणून विकता न येणारा वकील तेवढा मागं राहिला. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरांना गेरू लावून ओवाळायची त्या घरची रीत. कळप नाही तर नाही, पण ओवाळायला दारात एक तरी जीव पाहिजे, असं आबांची बायको भामाबाई म्हणायची. तो जीव म्हणजे हा.

तर कोंब खाल्ल्यावर पारावर बैठक बसली. तात्या साखर कारखान्याचे जुने सभासद, त्यामुळं सभा घ्यायची त्यांना सवय. त्यांनी प्रास्ताविक केलं, तक्रार मांडली, आपणच अनुमोदन दिलं आणि ठराव केला की यापुढं मेंढा दाव्याला बांधायचा. बसलेल्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, चहा यायचा होता.

आबा उठले. मेंढकाला जनावर बांधायला सांगणं म्हणजे मासेवाल्याला मासा पाण्याबाहेर पाळ म्हणण्यासारखं.

"आमच्या घरात कुणी मेंढरू बांधलं न्हाय, तात्या. तुमी म्हंताय तर आता बांधतो. असा बांधतो की तुमी सोडा म्हणला तरी सुटायचा न्हाय."

आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा नायलॉनचा दोर त्यांनी तिथंच मागून घेतला. तात्यांच्याच ट्रॉलीचा.

भांडण एवढ्यावर भागलं असतं. पण तात्यांची नात श्रेया आणि आबांची स्वप्नाली आठवीत एका बाकावर बसायच्या. दोन्ही घरांनी हुकूम काढला, एकमेकींशी बोलायचं नाही. पोरींनी तो अक्षरशः पाळला. श्रेया शाळेच्या वाटेवर आपल्या सायकलीशी बोलायची, "सायकली, आज डब्यात शेंगदाण्याची चटणी हाय, कुणाला पायजे असंल तर मधल्या सुट्टीत यावं." मागनं येणारी स्वप्नाली रस्त्याकडेच्या खांबाला सांगायची, "खांबा, मी येणार हाय." हुकूम मोडला असं कुणालाच म्हणता येत नव्हतं. खांब तेवढा आधीपेक्षा मोठ्या मानानं उभा असल्यासारखा वाटायचा.

उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी मागं हटतं आणि काळ्या गाळाची जमीन उघडी पडते, ती पावसाळा लागला तरी वरनं पाणी येईतो तशीच असते. तिथं लोक मका टाकतात, जनावरं चारतात. त्या गाळाच्या पलीकडं एक टेकाड, टेकाडावर एक बाभूळ. आबांनी वकिलाला तिथं नेला. तात्यांच्या बांधापासून लांब, पण त्यांच्या ओट्यावरनं समोर दिसेल असा. बाभळीला बांधला, गाठीवर गाठ मारली, गाठीला पाय लावून ओढलं आणि जेवायला घरी आले.

आता आमच्याकडची एक गोष्ट बाहेरच्याला पटत नाही. आमच्याकडं पाऊस येत नाही, पूर येतो. तिकडं पुण्याच्या वर धरणं भरली की दारं उघडतात आणि ते पाणी आमच्याकडं चालत येतं. आभाळ कोरडं, ऊन कडक, विहिरीत बादली खरवडून काढावी लागते, आणि माणसं डोक्याला टॉवेल बांधून पूर बघायला निघतात. पाणी सोडल्याचा निरोप सकाळीच गावाच्या ग्रुपवर आला होता. पण त्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्या संभाजीचा वाढदिवस होता. 'भावी नेतृत्वा'च्या शुभेच्छांखाली तो निरोप बुडाला. पूर आला तो आधी तिथं.

आबा भाकरी खाऊन काठावर आले तर सकाळी चालत गेलेली वाट पाण्याखाली, आणि टेकाडाचं बेट झालेलं. बेटावर बाभूळ, बाभळीला वकील. तो ओरडत होता. एरवी तो ओरडला की वस्तीला राग यायचा. आज राग कुणाला आला नाही.

सगळी वस्ती जमली. संभाजीनं मोबाईल काढून एकेका हापिसाला फोन लावले. एक म्हणालं, जमीन आमची आहे पण मेंढा आमचा नाही. दुसरं म्हणालं, मेंढा आमच्याकडं येतो, पण आजारी असेल तर. तिसऱ्यानं विचारलं की मेंढा सध्या पाण्यात आहे की जमिनीवर, कारण त्यावर खातं ठरतं. संभाजीनं सांगितलं, सध्या अर्धा अर्धा आहे. मासेवाल्यांच्या होड्या असतात नेहमी, पण पलीकडच्या काठाला कुणाच्या तरी नातवाचं जावळ होतं आणि होड्या पाहुणे घेऊन मटण खायला गेल्या होत्या.

"बांधला नसता तर पवत आला असता," आबा म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, पाण्याला.

तात्या शेजारीच उभे होते. धोतराच्या सोग्याशी चाळा करत ते हळूच म्हणाले, "सोडा की हो त्याला, आबा."

आबांनी पटका काढून भामाबाईच्या हातात दिला आणि पाण्यात पाय घातला. भामाबाईनं पटका टाकून त्यांचं धोतर धरलं. आबा आयुष्यभर सांगत आले होते की आपण भीमा आणि नीरा दोन्ही पोहून गेलोय. ते खरं होतं, फक्त पोहला होता मेंढा, आणि आबा त्याच्या शिंगाला धरून होते. भामाबाई हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, धोतर न सोडता. आबा ओढत होते, पाणी चढत होतं.

सगळ्यांचं लक्ष या ओढाताणीकडं, म्हणून मागं काय चाललंय ते कुणी पाहिलं नाही. तात्यांचं गुऱ्हाळ कधीच बंद पडलं होतं. गूळ आटवायची काहील, म्हणजे परातीसारखी पसरट लोखंडी मोठी कढई, गोठ्यापुढं म्हशीच्या पाण्याला ठेवली होती. श्रेया म्हशीला म्हणाली, "म्हशी, ही काहील पाण्यात तरंगती असं आजोबा सांगायचं." स्वप्नाली म्हशीला म्हणाली, "म्हशी, मला पवाया येतं, पण एकटीनं काहील हलायची न्हाय." म्हशीनं दोघींचं ऐकून घेतलं आणि बाजूला झाली. दोघींनी काहील कलती केली, सगळं पाणी तात्यांच्या ओसरीत गेलं. मग ती कडेवर उभी करून, चाकासारखी लोळवत उताराला आणली. दोनदा ती एका बाजूला पडली, एकदा उकिरड्यात गेली. दोघींनी उचलून पुन्हा उभी केली. गूळ ढवळायच्या लांब दांड्याच्या दोन लाकडी फावड्या होत्या, त्या वल्ही म्हणून घेतल्या. श्रेयानं बारामतीत पोहण्याचा क्लास केला होता, तिथलं तिला एवढंच पक्कं आठवत होतं की पाण्यात जाताना ट्यूब पाहिजे. तिनं ट्रॅक्टरची ट्यूब आणून काहिलीत टाकली.

आम्हाला कळलं तेव्हा काहील पाण्यात होती.

काहिलीला तोंड नसतं आणि शेपूट नसतं. एका बाजूनं वल्हवलं की ती पुढं जात नाही, जागेवर गरगरते. दोघींनी एकाच वेळी, दोन बाजूंनी, सारखा जोर लावला तरच ती सरकते. त्यासाठी एकमेकींशी बोलावं लागतं, आणि बोलायला तर बंदी. त्या काहिलीशी बोलत होत्या. श्रेया म्हणायची, काहिली, आता डावीकडनं. तोवर स्वप्नाली काहिलीला सांगायची, उजवीकडनं. काहिलीनं दोघींचा मान राखला आणि भोवऱ्यासारखी फिरत धारेकडं निघाली. तात्यांनी ओरडून श्रेयाला मागं फिरायला सांगितलं. ती फिरली. पुन्हा पुढं फिरली. पुन्हा मागं.

तात्यांचा चेहरा उसाच्या चिपाडासारखा झाला. ते गुडघाभर पाण्यात शिरले आणि उभ्या जन्मात काढला नसेल असा आवाज काढला.

"बोला गं एकमेकीसंगं."

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. मग स्वप्नालीनं ताल धरला, "हाण... सोड... हाण... सोड," आणि काहील एकदम शहाण्यासारखी सरळ चालायला लागली. काठावर आबांनी धोतर ओढायचं थांबवलं. भामाबाईनं तरी सोडलं नाही.

टेकाडाला काहील लागली तेव्हा पाणी वकिलाच्या पोटापर्यंत आलं होतं. दोर ताणलेला, मान वर, आणि गाठ भिजून दगड झालेली. पुढचं काठावरनं आम्हाला दिसत होतं, काय बोलल्या ते नंतर कळलं. स्वप्नालीनं दात लावले, गाठ हलली नाही. नखं लावली, नख निघालं. कुणी खुरपं आणलं नव्हतं.

"तुझा आबा लई गच बांधतो," श्रेया म्हणाली.

"तुझ्या आजोबानं सांगितलं म्हणून."

पाणी चढत होतं.

"मग दोघांचं मिळून आपणच सोडू," श्रेया म्हणाली.

काहिलीचा काठ वर्षानुवर्षं झिजून पत्र्यासारखा झाला होता. एकीनं काहील दाबून धरायची, दुसरीनं दोर काठावर घासायचा. नायलॉन तुटता तुटत नव्हता. हात सोलले की जागा बदलायच्या. पाणी वकिलाच्या छातीला लागलं तसा तो ओरडायचा थांबला, आणि तेच जास्त वाईट होतं. स्वप्नाली रडत होती आणि घासत होती. श्रेया तिला म्हणाली, रड, पण हात चालू ठेव. एकेक पीळ सुटत गेला आणि शेवटी दोर तुटला.

काठावर टाळ्या पडल्या. संभाजीनं टाळ्यांचा व्हिडिओ घेतला.

आता वकील काहिलीत बसेल असं सगळ्यांना वाटलं. त्याच्या हिशेबात ते नव्हतं. दोघींनी त्याला उचलून आत घातला, त्यानं उभं राहून काहिलीला एक धडक दिली, दोन्ही फावड्या पाण्यात पडून वाहून गेल्या, आणि आपण बाहेर उडी मारली. पोरी बिनवल्ह्याच्या काहिलीत, आणि धार त्यांना ओढायला लागलेली. तेवढ्यात श्रेयानं वकिलाच्या गळ्यातला दोर पकडला आणि स्वप्नालीनं तो काहिलीच्या कडीत ओवून धरला. दोघी पालथ्या पडून दोराला लोंबकळल्या.

वकिलानं मान वळवून चारी दिशा बघितल्या. सकाळपासून उपाशी होता तो. एका दिशेला त्याला तात्यांच्या उसाचे हिरवे कोंब दिसले.

मग तो जो निघाला. पाण्यावर दोन शिंगं, मागं दोर, दोराला काहील, काहिलीत दोन पोरी. काहील एकदाही गरगरली नाही. धार आडवी आली, जलपर्णी आडवी आली, वकिलानं जलपर्णी खाऊन बघितली, थुंकली आणि पुढं आला. काठाला लागल्यावर भामाबाईनं धोतर सोडलं आणि दोन्ही पोरींना एकदमच पोटाशी धरलं. आबांनी पटका उचलून डोक्याला बांधला, तो तीनदा सुटला.

पुढचं सगळं रीतसर झालं. संभाजीनं 'ग्रामस्थांच्या प्रयत्नांना यश' म्हणून व्हिडिओ टाकला, त्यात ग्रामस्थ बरेच दिसतात. काहील उपलब्ध करून दिल्याबद्दल तात्यांचा शाल देऊन सत्कार झाला. शाल संभाजीच्या वाढदिवसाची होती. तात्या दोन शब्द बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागं वकील त्यांचे कोंब खात होता. सगळे बघत होते. खुद्द सत्कारमूर्तीला ढेकूळ उचलता येईना.

आता बंदी उठली, असं पोरींनी धरलं होतं. तात्यांनी संध्याकाळी ओट्यावरनं जाहीर केलं की ती परवानगी पाण्यापुरती होती. माणसानं शब्दाला पक्कं असावं. आबांनीही तेच म्हटलं, फक्त दुसऱ्या दिशेला तोंड करून.

म्हणून दुसऱ्या दिवशी श्रेया वकिलाच्या एका बाजूला बसली आणि स्वप्नाली दुसऱ्या बाजूला. श्रेयानं आदल्या दिवशीचं सगळं वकिलाला पहिल्यापासून सांगितलं, स्वप्नालीनं त्यात वकिलाकडून दुरुस्त्या केल्या. दोघींच्या हातांना हळद लावून फडकी बांधली होती. वकिलाच्या गळ्यात तुटका दोर तसाच होता. तो पुन्हा कशाला बांधायला कुणी सांगितलं नाही, आणि आबांनी विचारलं नाही.

थोड्या वेळानं तात्या बांधावर येऊन उभे राहिले. आबा अलीकडं होते. मधे वकील चरत होता, अर्थात तात्यांच्या बाजूला तोंड करून.

तात्यांनी घसा साफ केला.

"वकील," ते म्हणाले, "तुमच्या मालकाला सांगा, घरी च्या टाकलाय."

आबांनी लांब टेकाडाकडं बघितलं. टेकाड आता दिसत नव्हतं, बाभळीचा शेंडा तेवढा पाण्यावर होता.

"वकिला, त्यास्नी सांग, साखर जरा कमी टाका म्हणावं. आन् हे कोंब..."

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले, मेंढ्याला.

वकिलानं दोघांचाही निरोप पोचवला नाही. त्याचं तोंड भरलेलं होतं.