चढावर गाडी ओढत नाही

गाडी श्रुतिकाने बिघडवली, असं तिच्या सासऱ्यांनी, अप्पांनी म्हणजे श्यामसुंदर कारखानीसांनी, घरात जाहीर करून टाकलं होतं. पुरावा एवढाच, की गाडी अडण्याच्या आदल्या आठवड्यात श्रुतिका ती घेऊन मुलुंडला मैत्रिणीकडे गेली होती. त्यानंतर एका सकाळी अंधेरीच्या पुलावर चढताना इंजिन नुसतंच गर्जलं आणि गाडी पुढे जाईना. मागून हॉर्नवर हॉर्न. शेजारी बसलेल्या बायकोला, शुभाताईंना, दरदरून घाम फुटला. घरी आल्यावर अप्पांनी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातूनच ते सुनेला म्हणाले, "गॅरेजात वाढलेल्या पोरीच्या हातात गाडी दिली, ही माझी चूक."

श्रुतिका त्या वेळी ऑफिसला निघाली होती. ते वाक्य ऐकून ती तशीच जिना उतरली. नवरा ओजस कामासाठी परदेशी होता, फोनवर तो "अप्पांचं मनावर घेऊ नकोस" यापलीकडे जात नव्हता.

गाडी खूप जुनी, भरपूर पळालेली, ऑटोमॅटिक गिअरची. अप्पांच्या डाव्या पायात अपघातानंतर सळई घातली होती, क्लच दाबता येत नसे, म्हणून ही गाडी. विलेपार्ल्यात इतक्या वर्षांत त्यांना कोणी दुसऱ्याच्या गाडीत बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने गाडी बघितली आणि पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितलं. कोणी वेडीवाकडी चालवली तर असं होतं का, असं अप्पांनी विचारलं. होऊ शकतं, असं तो म्हणाला. अप्पांना तेवढं पुरलं.

तेव्हा श्रुतिकाने ठरवलं, गाडी घाटकोपरला न्यायची.

घाटकोपरला, असल्फ्याच्या चढाखाली, तिच्या वडिलांचं गॅरेज होतं. दशरथ परब. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणारे म्हणून लांबून लोक त्यांच्याकडे गाड्या टाकत. श्रुतिकाने ओजसशी लग्न केल्यापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. लग्नाआधी एकदा श्यामसुंदर याच गाडीतून तिथे आले होते, खाली न उतरता काच अर्धी उतरवून "तुमच्या मुलीला आवरा" म्हणाले होते आणि निघून गेले होते. दशरथ ते विसरले नव्हते. आई, जानकी, चोरून फोन करायची, तेवढाच संबंध.

अप्पा हट्टाने बरोबर आले. मी नसताना तुम्ही लोक आतले चांगले पार्ट काढून घ्याल, असं ते स्वच्छ म्हणाले. श्रुतिकाने गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने, अंजारत गोंजारत आणली. साकीनाक्यापर्यंत तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गिअर घसरत होता हे खरं, पण त्याआधी तो फार लवकर बदलत होता. गाडीने जेमतेम वेग घेतला की वरचा गिअर, तोही लोण्यासारखा मऊ. मग जरा जोर द्यावा, तर इंजिन एकटंच ओरडायचं.

दशरथ हात पुसत बाहेर आले. व्याह्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. गाडीकडे बघितलं, ओळखली, आणि बॉनेटला हात न लावता मुलीला म्हणाले, "भंगारात घाल ती. प्लेटी गेल्यो." प्लेटी म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्या.

"उघडून तरी बघा," श्रुतिका म्हणाली.

"मी आवाजावरून सांगतंय. तुका काय कळता त्यातला?"

अप्पा मागच्या सीटवरून उतरले. त्यांनी अगदी सभ्य आवाजात सांगितलं, की न बघता निदान करणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत, त्यासाठी घाटकोपरपर्यंत यायची गरज नव्हती. दशरथांनीही तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं, की आमंत्रण कोणी दिलं नव्हतं. मग दोघंही श्रुतिकाशी बोलायला लागले, एकमेकांना ऐकू जाईल असं. सून घरात आल्यापासून काही धड राहिलेलं नाही, हे अप्पांचं म्हणणं. बापाचं ऐकलं नाही की असल्या दारात जाऊन पडावं लागतं, हे दशरथांचं. बाजूच्या टायरवाल्याने काम थांबवून ऐकायला सुरुवात केली.

श्रुतिकाने ओढणी कमरेला बांधली, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली. गाडी पार्ल्याहून आलेली, तेल पुरेसं गरम होतं. तिने पट्टी पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खुणेपर्यंत होतं. लालसरपणा जाऊन तपकिरी झालेलं, जुनं, पण जळका वास नव्हता. तिने थेंब बोटांत चोळून उन्हात धरला. थोडी काजळी होती, चकाकणारा धातू नव्हता. प्लेटी पार संपल्या असत्या तर दोन्ही असतं.

"बघा," ती वडिलांना म्हणाली.

दशरथांनी दुरूनच बघितलं. "तेलान काय होता."

"मग बसा माझ्याबरोबर. चढावर जाऊ."

का कोण जाणे, ते बसले. अप्पा अर्थात मागे बसले, गाडी एकटी सोडायची त्यांची तयारी नव्हती. असल्फ्याच्या चढावर अर्ध्यात गाडीने पुन्हा तोच प्रकार केला. इंजिन किंचाळलं, गाडी जागच्या जागी. मागचा टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला. श्रुतिकाने ब्रेक दाबून ठेवला, टेम्पो बाजूने निघून गेल्यावर गिअर रिव्हर्सला टाकला आणि पायाला थोडा जोर दिला. गाडीने गच्च पकड घेतली. ती नुसती उतारावरून घसरत मागे आली नाही, इंजिनने तिला मागे आणली. मग पुढचा सगळ्यात खालचा गिअर लावून तिने चढ पुन्हा घेतला. गाडी कण्हत कण्हत, पण वर गेली.

"प्लेटी पार संपल्या असत्या तर हे झालं असतं?" तिने विचारलं.

दशरथ खिडकीबाहेर बघत होते. "प्रेशर नाय," ते शेवटी पुटपुटले. म्हणजे प्लेटी शिल्लक आहेत, पण त्यांना दाबून धरणारा तेलाचा जोर कमी पडतोय, हे त्यांनाही कळलं होतं, आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं.

खाली येऊन तिने इंजिन बंद केलं आणि अप्पांना ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, म्हणाली. त्यांनी का म्हणून विचारलं. आधी दाबा, ती म्हणाली. त्यांनी दाबला. ती इंजिनवर वाकली. पायाच्या जोराची खबर गिअरबॉक्सला देणारी एक बारीक केबल असते. पाय जड पडला की ती ताणली जाते आणि गिअरबॉक्स आतलं प्रेशर वाढवून प्लेटी घट्ट धरतो. ती केबल सैल लोंबत होती. तिचा नट पकडीवरून पार मागे गेलेला. गिअरबॉक्सला वाटत होतं, चालवणारा जेमतेम पाय टेकवतोय.

"अजून दाबा."

"दाबलाय."

"अप्पा, थ्रॉटल साफ कधी केला होता?"

गाडी आचके देत होती म्हणून इंजिनात हवा सोडणारी ती झडप नेहमीच्या गॅरेजमध्ये साफ करून आणली, गेल्या महिन्यात, असं ते म्हणाले. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. ते काम करताना ही केबल सोडावी लागते. सोडणाऱ्याने ती परत ताणून बसवलीच नव्हती.

श्रुतिकाने वडिलांच्या पेटीतला पाना न विचारता घेतला. नट पुढे घेतला, केबल ताणली, अप्पांना पाय उचलायला आणि दाबायला लावून पुन्हा पुन्हा बघितली. दशरथ शेजारी उभे होते. एकदा त्यांचा हात पुढे आला, पण तिने कोपराने वाट अडवली. या गॅरेजमध्ये फ्रॉक घालायच्या वयात ती हे सगळं बघत बसायची. शिकवा म्हटल्यावर, हे पोरींचं काम नाही म्हणून हाकलली जायची. तरी बघून बघून आलंच होतं.

या वेळी श्रुतिकाने चढावर नेली, तेव्हा गाडी एकदाही ओरडली नाही. गिअर उशिरा आणि ठाम बदलला. प्लेटी थोड्या झिजल्या असणार, जास्त दिवस टिकतील असं धरू नका, असं दशरथ म्हणाले. ते खोटं नव्हतं.

खाली आल्यावर अप्पांनी किल्लीसाठी हात पुढे केला. श्रुतिकाने किल्ली मुठीत ठेवली.

"गाडी मी बिघडवली नव्हती. एवढं म्हणा."

"रस्त्यावर तमाशा करू नकोस."

"घरी सासूबाईंसमोर तमाशा तुम्ही केला होता. म्हणा."

टायरवाला आता उघडच उभा होता. अप्पांचे ओठ पांढरे पडले. "तू नव्हती बिघडवलीस," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "पण आज जे केलंस ते मी लक्षात ठेवीन."

"ठेवा."

तिने किल्ली दिली. ते एकटेच गाडीत बसले आणि निघून गेले. एकमेकांचा निरोप घेण्याइतकंही बोलणं दोन्ही व्याह्यांनी टाळलं.

दशरथांना वाटलं असावं की आता मुलगी आपल्या बाजूची झाली. चहा मागवतो म्हणाले, आईला बोलावून घेतो म्हणाले. श्रुतिका साबणाने हात धूत होती.

"अप्पा माझ्यावर आळ घेऊन आले होते, हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी गाडी आणणार म्हणून आई बोलली होती तुमच्याशी. तरी बॉनेट न उघडता भंगार म्हणालात. मी खोटी ठरले असते तर चाललं असतं तुम्हाला."

"त्याची गाडी होती ती."

"आणि मी?"

दशरथांनी पाना उचलून पेटीत टाकला. श्रुतिकाने पर्स घेतली आणि मेट्रोच्या जिन्याकडे चालू लागली.

त्यानंतर तिचं आणि अप्पांचं बोलणं कामापुरतं उरलं. तो दिवस त्यांनी खरंच लक्षात ठेवला, आल्यागेल्यासमोर तिचा उल्लेख 'आमची मेकॅनिक' असा करू लागले, हसत, समोरच्याने त्याचा हवा तो अर्थ घ्यावा असा. पण त्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गाडी पुन्हा गेली नाही. घाटकोपरलाही नाही.

एका रविवारी श्रुतिका गिअरबॉक्सच्या तेलाचे डबे घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरली. जुनं तेल एकदम सगळं काढलं तर झिजलेल्या प्लेटी कदाचित दगा देतील, म्हणून थोडं थोडं बदलायचं तिने ठरवलं होतं. सेक्रेटरीने येऊन फरशी खराब होईल म्हणून हरकत घेतली. तिने मान वर न करता, गाडी ज्यांची आहे त्यांना विचारा, म्हणून सांगितलं. सेक्रेटरीने वर बघितलं. गॅलरीत अप्पा उभे होते, हातात वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सेक्रेटरी थोडा वेळ घुटमळून निघून गेला, आणि श्रुतिका पाठीवर सरकत गाडीखाली गेली.