भंडाऱ्याचा पिवळा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला स्वस्थ बसवत नाही. माझी जातच तशी. छापायचं म्हटलं की माझं डोकं कागदावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत सुटतं; आणि काम नसलं की त्याच डोक्यात शाई वाळायला लागते. मी फोटो छापणारा एक घरगुती प्रिंटर आहे. वडूजजवळच्या एका धनगरवस्तीवर, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम. पोटात शाईच्या चार टाक्या आहेत: निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. या चौघींच्या जोरावर मी अख्खं जग रंगवतो, असा माझा तोरा असतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यात थर्माकोल लावून कोंबलेला, गाडीचे हिसके बसतायत, बाहेर काय चाललंय कळत नाही. जीव नुसता कावून गेला होता. शेवटी साताऱ्याच्या एका दुकानातून मला उचललं ते तानाजीनं. हा फौजेतला जवान, सुट्टीवर आलेला. धाकटी बहीण सृष्टी हिला कॉलेजच्या कामाला प्रिंटर हवा होता.

घरी आल्यावर त्यांच्या वडिलांनी, नाथाजीरावांनी, माझ्याभोवती एक चक्कर मारली. सगळा जन्म मेंढरांमागं हिंडलेला माणूस. खांद्यावर घोंगडं, ओठांवर झुपकेदार मिशा. ते म्हणाले, "ह्येला बी देवाचं लागंल की!" आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी मूठभर भंडारा काढला. भंडारा म्हणजे हळदीची पूड. बिरोबाच्या जत्रेत ती मुठीमुठीनं उधळतात.

"बिरुबाच्या नावानं चांगभलं!" असं म्हणून त्यांनी ती मूठ माझ्यावर उधळली. कागद आत घ्यायची माझी जागा उघडीच होती. निम्मा भंडारा सरळ माझ्या पोटात.

"आवं आबा, मशीन हाय ते!" सृष्टी ओरडली.

"मशीन हाय म्हणूनच की! नवं हत्यार दारात आलं की भंडारा लावायचा आसतोय."

खरं सांगू? मला लय बरं वाटलं. दुकानात मला नुसता नंबर होता. इथं आल्या आल्या कुणीतरी मला घरातला धरलं.

पण घोळ तिथंच झाला. माझ्या रुळांना हळद लागली होती, त्यामुळं निघणाऱ्या प्रत्येक फोटोवर पिवळे फराटे उठू लागले. सृष्टीनं कपाळाला आठ्या घातल्या. "मशीन लय पिवळं मारतंय," ती म्हणाली, आणि कॉम्प्युटरवर रंग कमीजास्त करायची जी पट्टी असते, त्यातली पिवळ्याची पट्टी तिनं पार खाली ओढली. अगं बाई, शाई नाही, हळद आहे ती! पण मी ओरडणार कसा? थोड्याच दिवसांत हळद कागदांना पुसून गेली, माझे रूळ स्वच्छ झाले. पट्टी मात्र खाली राहिली ती राहिलीच.

आता तुम्ही म्हणाल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? गंमत ऐका. सृष्टी अख्ख्या वस्तीला फोटो छापून द्यायची. पिवळा कमी झाला की गव्हाळ चेहरा फिका, गुलाबट दिसतो. वस्तीवरच्या बायका फोटो हातात घेऊन म्हणायच्या, "अगं बया, काय गोरी आलीया मी!" पोरं खूश, नवरदेव खूश. गोरं दिसल्याची तक्रार कोण करतंय? सृष्टीच्या हाताला गुण आहे म्हणून सगळे कौतुक करायचे. मी मात्र आतल्या आत चरफडायचो. शेतातला पिकलेला हरभरा माझ्यातून राखाडी निघत होता, झेंडूची फुलं पांढुरकी निघत होती, आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

मग नाथाजीराव गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तानाजी दूर सीमेवर होता. तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बापाचं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही. सुट्टीभर तो उंबऱ्यावर बसून असायचा, कुणाशी धड बोलायचा नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्यानं सृष्टीला एकच गोष्ट मागितली.

"आबांचा जत्रंतला फोटो काढून दे. माज्या पेटीत लावतो. तिकडं मोबाईल कवा चालतोय, कवा न्हाई."

तो फोटो सृष्टीच्या फोनमध्ये होता. डोक्यावर लाल फेटा, कपाळापासून छातीपर्यंत भंडाऱ्यानं माखलेले, तोंडभर हसणारे नाथाजीराव. त्यानंतर त्यांचा फोटो कुणी काढलाच नव्हता. फोटोचे जाड, चकचकीत कागद घरात दोनच उरलेले, वडूजचं दुकान त्या दिवशी बंद, आणि दुपारची एस.टी. गाठायची होती.

मी मनातल्या मनात ओरडलो. पिवळ्याची पट्टी खाली आहे, सृष्टे! बघ ना जरा! पण तिनं बटण दाबलं, आणि मला छापावं लागलं.

फोटो बाहेर आला. मनुबाईंनी, म्हणजे सृष्टीच्या आईनं, तो हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. भंडाऱ्यातला पिवळा गेला की उरतं काय? फिकट, करडी पूड. नाथाजीरावांच्या अंगभर जणू राख फासली होती.

"ही राख कशापाई लावलीया माज्या माणसाला?" मनुबाई ओरडल्या. "चितंवरनं उठवून आणल्यागत दिसतंय. न्यायाचा न्हाई ह्यो फोटो. चुलीत घाल!"

तानाजीनं फोटो तिच्या हातातून काढून टेबलावर पालथा ठेवला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे आये. नशिबात न्हाई."

मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, आपण कशाला जन्माला आलो! ज्या माणसानं मला घरातला मानलं, त्यालाच मी असं छापलं. सृष्टीची तर नुसती तारांबळ. शाई बघितली, पुरेशी होती. साध्या कागदावर चाचणीच्या रेघा काढल्या. पिवळी रेघसुद्धा सलग, स्पष्ट आली. या रेघा मी स्वतःच काढतो, त्यांना कॉम्प्युटरवरची पट्टी लागत नाही. तेव्हा ती रडकुंडीला येऊन माझ्यावर थाप मारत म्हणाली, "मेलं मशीनच बिघडलंय! टाकून द्या भंगारात!"

"थांब गं," तानाजी उठला. "रेघ नीट आली न्हवं? मग त्येला कशाला मारतीस? आमच्याकडं नेम चुकला की रायफल फेकत न्हाईत. आधी नेम धरायची साईट बघत्यात, कुणी हलवली का ती. तू कुटं हात लावलावतास का?"

सृष्टीला भंडाऱ्याचा तो दिवस आठवला. मग तिनं कॉम्प्युटरवर रंगांच्या पट्ट्या उघडल्या. पिवळी तळाला लोळत पडली होती. "आगं आये!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिनं पट्टी जागेवर आणली. तिथंच खाली चेहरे आपोआप उजळ करणारी खूण होती, तीही काढून टाकली. आणि शेवटचा कागद माझ्यात सरकवला.

मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. कागद तिरका ओढला तर? डोक्यात शाईची गुठळी अडकली तर? एक एक ओळ मी जपून उतरवली. आधी फेटा, मग कपाळ.

सृष्टी फोटो घेऊन थेट दारातल्या उजेडात गेली. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, हे तिला ठाऊक होतं. देव्हाऱ्यातला भंडारा वाटीत घेऊन मनुबाई शेजारी उभ्या राहिल्या. वाटीतला पिवळा आणि फोटोतला पिवळा, दोन्ही एकच होते.

निघताना मनुबाईंनी तानाजीच्या कपाळाला भंडारा लावला. गेलेल्या माणसाच्या फोटोलाही लावायची रीत आहे, म्हणून त्यांचं बोट फोटोकडं वळलं आणि मध्येच थांबलं.

"ह्यास्नी नगं," त्या म्हणाल्या. "ह्ये लावूनच हसाय लागल्यात." मग पदर तोंडाला लावून त्या खूप रडल्या. तानाजीही रडला, आल्यापासून पहिल्यांदाच.

आता सृष्टी साताऱ्याला वसतिगृहात असते. माझ्यावर कापड टाकलेलं आहे, आणि आत माझी घालमेल चालू आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत जा, म्हणजे आमची शाई वाळत नाही. रंग चुकला तर आम्हाला थापा मारण्याआधी पट्ट्या कुठं आहेत ते बघा. गोरं दिसण्याच्या नादानं तर त्या मुळीच हलवू नका. आणि तुमच्या मोबाईलमध्ये एवढे फोटो कोंडून पडलेत, त्यातला आपल्या माणसाचा एक तरी कागदावर उतरवा. ते माणूस घरात हिंडतंय-फिरतंय तोवर उतरवा. फोटो त्याच्या गालाशेजारी धरून रंग जुळतो का ते तेव्हाच बघता येतं, मित्रांनो. नंतर आम्ही कितीही धडपडलो, तरी गाल कुठून आणायचा?