म्हशींची वाट

हरिबाआबांच्या घरात शेळ्या-मेंढ्या राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. म्हणून घरचा एक नियम होता: ज्याच्या हातात काठी, त्यानं पुढं चालायचं आणि वाटही त्यानंच काढायची. त्या रविवारी तेर गावाजवळच्या तलावाकाठची दलदल बघायला निघताना आबांनी काठी नातीच्या, अक्षदाच्या, हातात दिली. पोरीचा पाय जमिनीवर ठरेना. तिच्या मागं धाकटा भाऊ श्रीनाथ आणि शेवटी आबा.

लव्हाळ्यापाशी दोन वाटा फुटल्या. एकीवर शेळ्यांच्या खुरांची बारीक नक्षी, दुसरीवर म्हशींचे थोराड ठसे. एवढं जड जनावर गेलं म्हणजे जमीन घट्टच असणार, असं म्हणून अक्षदा म्हशींच्या वाटेनं निघाली. आबांनी पुढच्या चिखलावर एक नजर टाकली आणि ते मागोमाग निघाले.

लांब तांबड्या पायांचे शेकाटे पक्षी पाण्यात चालत होते. ते बघायला श्रीनाथ थांबला आणि उभ्या उभ्या गुडघ्यापर्यंत रुतला.

"अक्के, माझे पाय गेले," तो रडवेला होऊन म्हणाला.

अक्षदा धावत मागं आली. ती त्याचा हात धरून ओढू लागली, तसा तो आणखीच घट्ट बसला.

"ओढू नगं," आबा शांतपणे म्हणाले. "काठी आडवी टाक. श्रीनाथा, तिच्यावर बूड टेक. आता एकेक पाय हलव, दळण चाळल्यावानी."

श्रीनाथ रडता रडता पाय हलवू लागला. चिखलात पाणी शिरलं, बुडबुडे आले आणि आधी एक, मग दुसरा पाय पच्‌कन सुटला. एक चप्पल मात्र आतच राहिली.

"म्हशीला घाला आता ती," श्रीनाथ म्हणाला. अक्षदा हसू लागली, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, आबा?"

"व्हय. हितं गुडघ्याच्या वर चिखल न्हाय, म्हून गप बसलो. म्हस इकडं कशाला येती?"

अक्षदानं नाक पुसलं. "लोळायला."

"आन् शेळी?"

"तिला पाय भिजलेले चालत न्हाईत."

आता काठी आबा घेतील, असं तिला वाटलं. तिनं ती गवताला पुसून पुढं केली. आबांनी हात मागं बांधले.

"लई ऊन व्हायच्या आत घरी न्हे आमाला," ते म्हणाले.

अक्षदानं काठी पुन्हा घट्ट धरली. मागं फिरून ती शेळ्यांच्या वाटेला लागली. वाटेवर ताज्या लेंड्या दिसल्या, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. एका पायात चप्पल घातलेला श्रीनाथ तिच्या पावलावर पाऊल टाकत निमूट येत होता.