सिस्टरचे दहा दिवस

“पाणी उकळायचा. मी सांगतो तवर उकळायचा. आणि तू रडायचा नाय.”

पहिली आज्ञा सासूबाईंना होती, दुसरी मला. शोशम्मा सिस्टरचा तो आवाज अजून कानात आहे. ती केरळची. नवऱ्याला तिकडच्या मातीत ठेवून, चार वर्षांच्या लिसीला काखेत घेऊन झरीजवळच्या आमच्या गावात नर्स म्हणून आली, ती अठ्ठ्याहत्तर साली. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावानं पलीकडच्या दलित वस्तीशी बोलणं टाकलं होतं. ही एकटी तिथं रोज पट्ट्या बदलायला जायची. कुणी अडवलं की औषधांची पिशवी त्याच्याच हातात द्यायची. “जड हाय. धर, चल.” आम्ही दारातून नुसतं बघत राहिलो.

पुढच्या वर्षी मी दोन दिवस अडले आणि माझा मुंजाजी तिच्याच हातावर जन्मला. सासूबाई, पार्वतीबाई, म्हणाल्या, “बोलती बाप्यावानी, पर हात आईचा हाय.”

ते खरंच होतं. सकाळी लिसीच्या दोन वेण्या घातल्याशिवाय ती घर सोडत नसे. न्यायला आलेली बैलगाडीसुद्धा दारात थांबायची.

लग्नानंतर सात वर्षं माझी कूस रिकामी होती. तेव्हा घरामागच्या बारवेजवळ महादेव आहे, त्याला मी जन्मभर रोज एक बेलपान बोलले होते; दिवस राहिले तसं ते सुरूही केलं होतं. मूल झालं आणि घराला दहा दिवसांचं सुवेर लागलं. घरातल्या कुणी देवाला हात लावायचा नाही. नेम मोडणार म्हणून मी खाटेवर रडायला लागले.

“मला सुवेर नाय ना?” सिस्टर म्हणाली. “मी ठेवतो पान.”

“किरिस्तावाच्या हातचं?” सासूबाई म्हणाल्या.

“मग तुमी ठेवा.”

सासूबाईंनाही सुवेर होतंच. त्यांनी बोटानं मागचं बेलाचं झाड दाखवलं.

दहा दिवस ती अंघोळ करून, लिसीचं बोट धरून बारवेवर गेली. सुवेर फिटल्यावर मी गेले, तर पिंडीजवळ दहा पानं वाळलेली. बेल पालथा वाहतात; ही सगळी सुलटी होती. मी तिला कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती परभणीच्या दवाखान्यात अंथरुणाला खिळली. माझा हात धरून म्हणाली, “लिसीच्या बाळंतपणाला जवळ आई पायजे.” मी महादेवाची आण घेऊन म्हणाले, मी येईन. चौथ्या दिवशी ती गेली.

आणि काल परभणीहून लिसीची चिठ्ठी आली. ‘मावशी, डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत. घरी कुणी बाईमाणूस नाही.’ नामांतर नुकतंच जाहीर झालेलं. आज बंद, एस्ट्या उभ्या. लिसीला न्हाऊमाखू घालायचं म्हणजे दहा दिवस मला बेलाला हात लावता येणार नाही.

“परक्याच्या सुवेरात जातीस?” सासूबाई म्हणाल्या. “पंधरा वर्सांत एक दिस चुकला न्हाई तुझा.”

“त्यातले दहा दिवस सिस्टरचे हायेत, आत्याबाई.”

त्या जात्याच्या खुंट्याला धरून उठल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला वाटलं, आता रागावतील.

“मंग कुठल्या फांदीचं तोडतीस ते दाखवून जा,” त्या म्हणाल्या. “मला दिसंना झालंय.”

मी त्यांना हाताला धरून मागं नेलं. खालची फांदी त्यांच्या मुठीत दिली. तिथून पिंडीपर्यंत किती पावलं, तेही चालवून दाखवलं.

“पालथं ठिवायचं ना गं?”

“जमंल तसं ठेवा.”

घरात येऊन मी जुन्या लुगड्याचे तुकडे पाण्यात टाकले आणि खूप वेळ उकळले. ते वाळल्यावर घडी घालून कर्डीच्या तेलाच्या बाटलीजवळ पिशवीत ठेवले. झरीपर्यंत पायी, पुढं मिळेल ते वाहन, नाहीतर पायीच.

सासूबाई बारवेकडं तोंड करून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या पायाला हात लावून मी वाटेला लागले.