शनिवारी मी प्रत्येक मजल्यावर थांबते

मी लिफ्ट बोलतेय. चिंचपोकळीला चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्या टॉवरची. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या वेगाचं कोण कौतुक! तरी लोक एकाच बटनावर तीन-तीनदा बोट आपटतात. जशी काही मी बहिरी.

बटनाला हात न लावणारा माणूस मला एकच भेटला. अकराव्या मजल्यावरचे एझ्राकाका तळकर. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांच्या बायको, मलकाकाकी, दिवे लावतात. तिथपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्या घरी शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून यांनीही घ्यायचा. चूल नाही, पैसा नाही, विजेचं बटन नाही. दुसऱ्याला ‘दाब’ म्हणायचंही नाही. पण सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही, आणि दहावे बहुधा काकाच. म्हणून शनिवारी सकाळी ते माझ्या बंद दारासमोर नुसते उभे.

शेजारच्या शेवंतीनं हे हेरलं. नेमकी तेव्हाच ती पिशवी घेऊन बाहेर यायची.

“शेवंती, माझ्यासाठी उतरत असशील तर मला चालायचं नाही हं.”

“तुमच्यासाठी कशाला? कोथिंबीर आणायचीय.”

तिच्या घरी कोथिंबिरीच्या जुड्या पिवळ्या पडायला लागल्या.

मग ती शिमग्याला गावी गेली. काकांनी वाट पाहिली आणि जिना धरला. प्रार्थना झाली, पण परत येईतो गुडघा सुजला.

“चला काका, मी दाबतो बटन,” वॉचमन म्हणाला.

“माझ्यासाठी नको रे.”

अंधार पडेपर्यंत खाली त्याच्याच खुर्चीत बसून राहिले. मी समोर, दार उघडं टाकून.

सेक्रेटरी हेरंबनं मग मला शुक्रवारीच तसं लावून ठेवायची सोय केली: शनिवारभर आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबायचं. काकांना ते चालतं. टॉवरभर मात्र बोंब, “लिफ्ट बिघडली!”

शेवंती गावाहून आली आणि फुगून बसली. “मग आता मी शनिवारी उठू कशाला?”

मलकाकाकींनी तिला दारातल्या खुर्चीत बसवलं. “काही करायचं नाही. बसायचं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

पहिल्या दिवशी ती लसूण सोलायला घेऊन आली. काकींनी ताट बाजूला सरकवलं. जन्मभर राबलेल्या बाईला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. आता कळतंय. कधी कधी डुलकीही काढते.

अकराव्यावर दार उघडलं की मला त्या दोघी दिसतात. आतल्या मंडळींना घाई असते, ती सुस्कारे टाकतात. जरा दम धरा हो. बसायला मला तरी दुसरी जागा कुठाय?